ऐनापुरे मामांची डिस्क

मिरजेच्या त्या रुग्णालयात "याआधी कधी काही झालं होतं का?" असे रुग्णाला विचारण्याची पद्धत बंद होऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. तशी गरजच उरली नव्हती. माणसाने काचेवर पंजा टेकवला की त्याचा देहपट समोर उलगडत असे. जन्मवेळचे वजन, टोचलेल्या लसी, मोडलेली हाडे, काढलेले दात, सारे काही त्यात होते. देहपट आल्यापासून डॉक्टरांची विचारण्याची सवय गेली. रुग्णांची सांगण्याची सवयही गेली, पण ते फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

पद्मजा मगदूम यांनी त्या सोमवारी पंजा टेकवला, तेव्हा पटाच्या सुरुवातीला एक पांढरी पट्टी दिसली. १९९६ साल पूर्ण कोरे होते.

पद्मजाबाईंचे वय त्रेपन्न. तासगावजवळ त्यांची चार एकर द्राक्षबाग होती. महिनाभरापासून उजवा पाय जड पडत होता आणि तपासणीत मणक्याला चिकटलेली एक गाठ दिसली होती. चाकू चालवता येणार नाही अशी ती जागा होती. किरणोपचार मात्र करता येण्यासारखे होते. त्या उपचारांचे गणित मांडणारी तज्ज्ञ तबस्सुम मुजावर पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे काहीच नोंद नाही, काकू."

"नोंद नसेल. मी होते की," पद्मजाबाई म्हणाल्या. "आठ वर्षांची होते. पाठीतच गाठ होती. ह्याच दवाखान्यात लाईट, तुमची ती किरणं, दिली होती मला, पंचवीस दिवस. आई रोज एसटीनं घेऊन यायची."

तबस्सुमचा हात काचेवरच थांबला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

तबस्सुमने खुर्ची जवळ ओढली. "काकू, मणक्याच्या आतून मज्जारज्जू जातो. त्याला किरणं सोसतात, पण जन्मभरात ठरावीकच. आणि एकदा सोसलेलं तो विसरत नाही. तुम्हाला तेव्हा किती डोस दिला आणि तो कोणत्या बाजूनं गेला, हे कळलं तरच नवीन किती देता येईल ते ठरतं. कळलं नाही तर सगळ्यात वाईट धरून चालावं लागतं. म्हणजे पन्नास ग्रे, ग्रे हे किरणांचं माप. काठोकाठ. मग मला काहीच देता येत नाही."

"आणि तरी दिलं तर?"

"गाठ जाईल. कदाचित दोन्ही पायही जातील."

"नाही दिलं तर?"

तबस्सुमने पडद्यावरच्या गाठीकडे पाहिले.

"तरी जातील, असंच ना?" पद्मजाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "दसऱ्यानंतर माझी छाटणी आहे, बाई. माणसं लावली तरी काडीच्या कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंबाच्या जागी, कात्री मारायची ते मलाच बघावं लागतं. बांधावर खुर्ची टाकून नाही दिसत ते."

निर्णय शुक्रवारी व्हायचा होता. त्याहून जास्त थांबणे पायाला परवडणारे नव्हते.

जुने कागद तळघरात होते आणि तळघर २०१९च्या महापुरात गेले होते. एवढे सगळ्यांना ठाऊक होते. तबस्सुमला मात्र आणखी एक गोष्ट आठवली. दरवर्षी खंडेनवमीला रुग्णालयाच्या यंत्रशाळेत पूजा होत असे. पाने-पक्कडी, करवती, तापमापक यांच्या रांगेत एक उघडा संगणकही मांडलेला असे. यंत्रशाळेतले जुने तंत्रज्ञ ऐनापुरे मामा तो कपाटातून काढत, पुसत, हळद-कुंकू वाहत आणि पुन्हा कपाटात ठेवत. मामा निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली होती, पण अजूनही रोज दहाच्या ठोक्याला यंत्रशाळेत येऊन बसत.

"त्याच्यावरच लाईटची गणितं व्हायची," मामा म्हणाले. "भंगारवाला तीनदा आला. मी म्हटलं, पूजा केलेलं यंत्र हाय, न्यायचं न्हाई."

संगणकाचा मदरबोर्ड बॅटरीच्या गळतीने केव्हाच कुजला होता. पण आतली डिस्क, हाताच्या पंजाएवढी आणि विटेइतकी जड, धडधाकट वाटत होती. तिच्या लेबलावर पंचेचाळीस वर्षांच्या कुंकवाचा जाड थर बसला होता. त्यावरची छापील अक्षरे उरली नव्हती.

कोणत्या तरी दुकानातून जोडणी मिळवून डिस्क रुग्णालयाच्या यंत्रणेला लावली गेली. ती गुरगुरली, फिरू लागली. आणि पडद्यावर ओळ उमटली: *या उपकरणाला माझा दुभाष्या नाही.*

ही ओळ दक्षची होती. दक्ष म्हणजे त्या काळी सगळ्या रुग्णालयांत, बँकांत आणि कचेऱ्यांत चालणारी संगणकाची कार्यप्रणाली. कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा दुभाष्या असतो. पूर्वी हे दुभाषे माणसे लिहीत. दक्ष ते स्वतःच लिहून घेई आणि दरवर्षी त्यांची छाटणी करी. ज्या आज्ञा पाच वर्षांत कोणी वापरल्या नाहीत, त्या काढून टाकी; क्वचितच वापरलेल्यांबद्दल आधी विचारी. त्यामागे कारण होते. न वापरलेली प्रत्येक आज्ञा हे कुलूप न लावलेले दार असते, आणि चोर अशीच दारे शोधतात. जुन्या डिस्कना कळणाऱ्या आज्ञा २०३३च्या छाटणीत गेल्या. कोणाचे काही अडले नाही.

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेने तीन आठवडे मागितले. मग तबस्सुमने संगणक विभागातल्या रेठरेकरांना गाठले.

सदानंद रेठरेकर त्रेसष्ट वर्षांचे होते. एके काळी पुण्यात ते असले दुभाषे लिहीत. आता रुग्णालयाने त्यांना सल्लागार म्हणून ठेवले होते, आणि बहुतेक दिवस कोणी सल्ला विचारत नसे. त्यांना ते सोयीचेच होते. स्वतः लिहिलेली ओळ तीनदा वाचल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नसे, आणि तीनदा वाचल्यावर तर मुळीच बसत नसे.

"मी वीस वर्षांत हात लावलेला नाही," ते म्हणाले. "माझ्याकडून चूक झाली तर डिस्क जाईल. मग काहीच राहणार नाही. दुसरं कोणी नाही का?"

"असतं तर तुमच्याकडे आले असते का?" तबस्सुम म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटले. "सॉरी, सर. पण खरंच कोणी नाही."

रेठरेकरांनी घरून एक पिवळी पडलेली जाड पुस्तिका आणली आणि मंगळवारी सकाळी यंत्रशाळेतच टेबल मांडले. पद्मजाबाई वॉर्डात पडून कंटाळल्या होत्या. त्या चाकाच्या खुर्चीतून तिथे येऊन बसल्या. मामा होतेच.

"काय करताय ते मला कळेल असं सांगा," पद्मजाबाई म्हणाल्या. "पाय माझा आहे."

रेठरेकर जरा गोंधळले, मग सांगू लागले. "आजची यंत्रं विचारतात, 'अमुक कोटीव्या घरात काय आहे?' ह्या डिस्कला तसं कळत नाही. हिला जागा सांगावी लागते. आत एकावर एक तबकड्या आहेत, त्यांच्या प्रत्येक बाजूवर गोल वाटा आहेत. कितवी वाट, कितवी बाजू आणि त्या वाटेवरचा कितवा तुकडा, असं तिन्ही सांगितलं तर ती वाचून दाखवते."

"म्हणजे पत्ता. गल्ली, मजला, खोली."

"हो. अगदी तसंच." त्यांना हे स्वतःला सुचले नव्हते. "मी दुभाष्याला तीनच जुन्या आज्ञा परत शिकवतोय. 'तू कोण ते सांग', 'तुझी मापं ही धर' आणि 'वाच'. 'लिही' शिकवत नाही. म्हणजे माझ्या हातून चुकून काही पुसलं जाणार नाही."

दक्षने आज्ञा तपासल्या आणि हरकत घेतली नाही. पण डिस्क उत्तर देईना. रेठरेकरांनी ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, चष्मा पुसला. दुपारी त्यांच्या ध्यानात आले की चूक आज्ञेत नव्हती. दक्ष प्रश्न विचारून सेकंदाचा हजारावा भाग थांबत होता आणि उत्तर नाही म्हणून निघून जात होता. पुस्तिकेत लिहिले होते की अशा डिस्कला जागे व्हायला एकतीस सेकंदांपर्यंत लागू शकतात.

त्यांनी थांबण्याचा काळ एकतीस सेकंद केला. डिस्क फिरू लागली. सगळे पडद्याकडे बघत राहिले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला उत्तर आले.

"बोलली!" पद्मजाबाई म्हणाल्या.

"म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर थांबावं लागतं की जरा," मामा म्हणाले.

डिस्कने स्वतःची मापे सांगितली: नऊशे सत्याहत्तर वाटा, पाच बाजू, वाटेवर सतरा तुकडे. रेठरेकरांनी तीच मापे धरून वाचायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत रुग्णांच्या नावांची यादी स्वच्छ उमटली आणि त्यात 'मगदूम पद्मजा, वय ८' हे नाव होते; पद्मजाबाईंनी माहेरचेच आडनाव ठेवले होते. पद्मजाबाईंनी पडद्यावर त्या आठाच्या आकड्याला हात लावला.

तबस्सुमने फाइल उघडली. तिने एकेक रकाना बोटाने खाली सरकवत वाचला.

"हे बरोबर नाही. मज्जारज्जूच्या रकान्यात अकरा, चौदा, आणि एकदम शहाण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव. एवढे ग्रे मिळाले असते तर काकू चालत घरी गेल्या नसत्या. आणि खाली जे पोटाचे आकडे दिसतायत, ते तर भलत्याच कोणाचे तरी आहेत."

"डिस्क सडली असेल?" पद्मजाबाईंनी विचारले.

"सडली असती तर वाचताच आली नसती," रेठरेकर म्हणाले. "ती बरोबर वाचतेय. मीच कुठेतरी चुकतोय." मग ते मामांकडे वळले. "मामा, दवाखान्यात येण्याआधी ही डिस्क कुठे होती?"

"साखर कारखान्यात. त्यांनी जुनी दिली होती. तिथं बॉयलरची तापमानं लिहायचे तिच्यात."

"मग शहाण्णव म्हणजे बॉयलर! पण ती मधे मधे कशी आली? तुम्ही मापं कोणती घातली होती, आठवतं का? मी डिस्कचं ऐकून पाच बाजू धरल्यात."

मामांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, ती न उघडताच परत ठेवली आणि "आठवत न्हाई बगा" असे म्हणून ते घरी गेले.

बुधवारी मामा दहाला आले नाहीत. अकरा वाजले तरी आले नाहीत. बारा वाजता दारात उभे राहिले. आत रेठरेकर आणि पद्मजाबाईच होत्या. मामा बसले नाहीत.

"चार," ते म्हणाले. "सहाशे पंधरा, चार, सतरा. झोपेतबी सांगीन."

रेठरेकरांनी ते आकडे कागदावर उतरवले. मामा पुढे बोलू लागले. "सत्तावीस वर्षांचा होतो. मुंबईचा इंजिनिअर यायच्या आत मशीन चालू करून दाखवायचं होतं मला. मापं कुठनं आणायची? केसपेपरच्या खिडकीतल्या मशीनवर चिठ्ठी होती, तीच मापं हितं घातली. चाललं की मशीन! दोन महिन्यांनी लेबल वाचलं. पाच बाजूंची डिस्क, मी चारच सांगितल्या. नऊशे वाटांच्या सहाशे. निम्मी डिस्क वाया घातली मी. चाळीस एमबीतली वीस. तवा वीस एमबी म्हणजे काय होतं, हे आज सांगून पटायचं न्हाई कुणाला."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"तवर दोनशे पेशंट चढले होते तिच्यात. मापं बदलली की सगळं इस्कटणार. मग बॅटरी उतरली की मीच सकाळी लवकर यायचो आणि तीच चुकीची मापं घालायचो. आणि कुणी लेबल वाचू नये म्हणून…" ते थांबले. "पहिलं स्वस्तिक मी त्याच्यासाठी काढलं. बरोब्बर आकड्यांवर. मग दरसाल काढावंच लागलं."

पद्मजाबाई हसू लागल्या. डोळे पुसत हसल्या. "अहो मामा, त्या कुंकवापायीच ती भंगारात गेली नाही की!"

रेठरेकर कागदावर चौकोन काढत होते. "प्रत्येक गल्लीत पाच मजली इमारत आहे," ते जवळजवळ स्वतःशीच म्हणाले. "मामांनी चारच मजले सांगितले. म्हणून दवाखान्याची माणसं चार मजल्यांवर राहिली आणि पुढच्या गल्लीत गेली. पाचव्या मजल्यावर कारखान्याचं जुनं सामान तसंच पडून आहे. नावांची यादी पहिल्याच गल्लीच्या खालच्या चार मजल्यांवर होती, म्हणून ती नीट आली; पुढे मी पाचाच्या हिशेबानं घरं मोजत गेलो. पद्मजाताईंचं दार म्हणून वाजवलं ते दार दुसऱ्याचंच निघालं."

त्यांनी चार हा आकडा भरला. दक्षने तो घेतला नाही.

*उपकरण पाच बाजू सांगते. माणूस चार सांगतो. हे वाचन उपचारासाठी आहे. वाचून आलेले बरोबर वाटते, एवढा पुरावा पुरेसा नाही. बाहेरचा पुरावा आहे का?*

रेठरेकरांना दक्षचा राग आला नाही. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच विचारले असते. "आपण उपचाराबाहेर, नुसतं पाहण्यासाठी वाचू," ते म्हणाले. तेवढ्याला दक्षने परवानगी दिली.

या वेळी आकडे शांतपणे, ओळीने आले. शहाण्णव कुठेच नव्हते. तबस्सुमला बोलावणे गेले, ती धावतच आली. दोन तिरकस झोत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मधला भाग वाचवून. मज्जारज्जूला मिळालेले एकूण सव्वीस ग्रे.

"कोणीतरी फार जपून आखलंय," ती म्हणाली. "सव्वीस असतील तर मला जागा आहे. पुरेशी जागा आहे. पण हे सव्वीस खरे कशावरून?"

आराखड्याच्या शेवटी रोमन अक्षरांत टाइप केलेली दोन मराठी वाक्ये होती. तबस्सुमने ती अडखळत वाचली. "'पाठीवर चार ठिपके गोंदले. तिसरा दोनदा, मूल शिंकले.'"

रोज झोत नेमका त्याच जागी पडावा म्हणून तेव्हा कातडीवर शाईचे बारीक ठिपके गोंदत.

पद्मजाबाईंचा हात आपोआप पाठीकडे गेला होता. "ते तीळ आहेत माझे," त्या म्हणाल्या. "म्हणजे… मी तीळच समजत होते."

मामा आणि रेठरेकर बाहेर जाऊन उभे राहिले. आत तबस्सुमने पद्मजाबाईंच्या ब्लाउजची मागची बाजू सैल केली आणि दिवा जवळ आणला. निळसर, मोहरीएवढे ठिपके. वरचा एक. त्याखाली एक. शेवटचा कमरेजवळ. आणि त्याच्या आधीचा, तिसरा, एक नव्हता. अर्ध्या बोटाच्या अंतरावर दोन होते.

"काकू," त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवत तबस्सुम म्हणाली, "तुम्ही शिंकला होतात."

"स्पिरिटचा वास!" पद्मजाबाई एकदम म्हणाल्या. "अहो, आठवलं मला. स्पिरिटच्या वासानं शिंक आली, आणि तो माणूस रागावला नाही. 'देवानं तुला एक जास्तीचा दिला' म्हणाला."

ठिपक्यांची छायाचित्रे दक्षला दिली गेली. त्याने आराखडा आणि पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्याला चार सेकंद लागले, आणि त्याच्या मानाने ते फारच होते. *बाहेरचा पुरावा ग्राह्य. बाजू: चार.* पद्मजाबाईंच्या देहपटातली पांढरी पट्टी भरून आली. शुक्रवारच्या बैठकीत उपचाराला मंजुरी मिळाली.

खंडेनवमीला यंत्रशाळेत पूजा झाली. उपचार संपून चार दिवस झाले होते. गाठ किती आटली ते तीन महिन्यांनी कळणार होते, पण पायाचा जडपणा उतरत होता आणि पद्मजाबाई काठी टेकत स्वतःच्या पायांनी आल्या. येताना त्यांनी बागेतली कात्रीही पूजेला आणली. मामांनी डिस्कचे लेबल ओल्या फडक्याने पुसले होते. आकडे वाचता येत होते. कुंकू त्यांनी या वेळी कडेला लावले.

"आता घाबरायचं काय कारण?" ते रेठरेकरांना म्हणाले.

रेठरेकरांपुढे पडद्यावर एक ओळ होती. वर्षाची छाटणी आली होती. *जुन्या डिस्कच्या तीन आज्ञा. वर्षातला वापर: एका रुग्णासाठी. छाटू का?*

"तुम्ही काय करता?" त्यांनी पद्मजाबाईंना विचारले. "वेल छाटताना?"

"काडी छाटतो. पण बुडाशी दोन डोळे राखतो. ते यंदा फुटावेत म्हणून नाही. पुढची काडी गेलीच, तर वेलाला फुटायला जागा हवी."

रेठरेकरांनी लिहिले: *राखाव्यात.* दक्षने कारण विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला, एक वाक्य लिहिले, खोडले आणि शेवटी एवढेच लिहिले: *पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो.*

पडदा थोडा वेळ तसाच राहिला. मग दक्षने लिहिले: *आजवर चौदाशे बारा आज्ञा छाटल्या. त्यांच्या पलीकडेही कोणी उत्तर घेऊन थांबले असेल का?*

रेठरेकरांनी ती ओळ तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचल्यावरही ती खरीच वाटली. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मामा नारळ फोडत होते तिकडे वळून, थोडे चाचरतच, विचारले,

"मामा, तुमच्या त्या कपाटात अजून काय काय आहे हो?"